गोळी काउंटरवर मिळते, पण विचारतं कोण?

(यवतमाळमध्ये डी.फार्म. आणि बी.फार्म.च्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं आहेत, ती चुकवू नका.)

सगळ्यात आधी एक खुलासा करते. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्टही नाही. मी बी.टेक. केलंय आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. मूळची पुसदची. मग फार्मसीच्या मुलामुलींपुढे मी काऊन उभी राहिले, असं तुम्हाला वाटत असेल. कारण एवढंच, की मी जे सॉफ्टवेअर लिहिते ते मेडिकल स्टोअरच्या बिलिंगचं आहे. तुम्ही उद्या ज्या स्क्रीनसमोर उभे राहणार, ती स्क्रीन माझ्यासारखी कोणीतरी बनवते.

त्या स्क्रीनवर एक चौकट असते, डॉक्टरचं नाव लिहायची. शेड्यूल एच-वन मधलं औषध असेल तर ती भरल्याशिवाय बिल पुढे जात नाही, कारण त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. बाकीच्या वेळी लोक त्यात काय भरतात माहीत आहे? "सेल्फ". किंवा गावातल्या एकाच डॉक्टरचं नाव, सगळ्या बिलांवर. आमच्या भाषेत याला म्हणतात, चौकट आहे पण व्हॅलिडेशन नाही. काहीही टाका, सिस्टीम हो म्हणते.

आज मला गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल बोलायचंय, आणि माझा मुद्दा या चौकटीत मावतो. फार्मासिस्टनं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय संप्रेरकांच्या गोळ्या द्याव्यात का, यावर जगभर वाद चालू आहे. आपल्याकडे त्या दिल्या जातातच. आपल्याकडे राहून गेलंय ते वेगळंच. देण्याआधी जे चार प्रश्न विचारायचे असतात, ते कोणीच विचारत नाही.

आधी काउंटरमागच्या कप्प्यात काय काय असतं ते वेगळं करू या. तुम्हाला माहीत आहे, पण हे ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना नाही, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिली, आपत्कालीन गोळी. लिव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम. आय-पिल, अनवॉन्टेड-७२ वगैरे नावांनी मिळते. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती बीजांड बाहेर पडणं लांबवते. गर्भ आधीच राहिला असेल तर ती तो पाडत नाही. ही गर्भपाताची गोळी नाही, हे वाक्य तुम्हाला आयुष्यात हजार वेळा बोलावं लागेल.

दुसरी, रोजची गोळी. सरकारी माला-एन फुकट मिळते, माला-डी अगदी थोड्या पैशांत. त्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. पाकिटात २८ गोळ्या, त्यातल्या २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. नीट, रोज, न चुकता घेतली तर अतिशय भरवशाची. प्रत्यक्षात बायकांकडून मधूनमधून विसरली जाते, आणि मग वर्षाला शंभरातल्या सुमारे सात जणींना गर्भ राहतो.

तिसरी, छाया. तिचंच बाजारातलं जुनं नाव सहेली. ही संप्रेरकाची गोळीच नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं सेंटक्रोमन. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा.

चौथी, गर्भपाताचं किट. ते पूर्ण वेगळं प्रकरण. वेगळा कायदा, डॉक्टरशिवाय द्यायचंच नाही. मी ते फक्त यासाठी सांगितलं, की गिऱ्हाईक या चारही गोष्टींना एकच नाव देतं. "ती गोळी द्या."

आता कायदा बघू. २००५ साली केंद्र सरकारनं आपत्कालीन गोळी चिठ्ठीशिवाय विकायला मोकळी केली. २००७ मध्ये आय-पिल आली, टीव्हीवर जाहिराती आल्या, आणि हे नाव घराघरात पोचलं. रोजच्या गोळीचं मात्र त्रांगडं आहे. १९४५ च्या औषध नियमांत शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची यादी, त्यात ही संप्रेरकं आहेत. त्याच नियमांच्या शेड्यूल के मध्ये ठरावीक मात्रेच्या गर्भनिरोधक गोळ्यांना काही अटींवर सूट आहे. म्हणजे एका पानावर थांबा, दुसऱ्या पानावर जा. २०२४ मध्ये या विसंगतीवरून दिल्लीत चर्चा झाली, तर आपत्कालीन गोळीही चिठ्ठीवर जाणार अशा बातम्या फिरल्या. मग तसा काही बदल नाही असं सांगण्यात आलं.

या सगळ्यात जमिनीवर काय होतं? शंभर रुपयांच्या आसपासची आपत्कालीन गोळी एका शब्दात मिळते, कारण तिची जाहिरात झाली आणि तिच्यात नफा आहे. रोजची स्वस्त गोळी मागितली की प्रश्न सुरू होतात. पण चुकीचे प्रश्न.

माझाच अनुभव सांगते. २०२० चा लॉकडाऊन, मी पुण्याहून घरी आलेली. पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरांनी मला रोजची गोळी दिली होती, पत्ता संपत आला होता. मेडिकलमध्ये गेले, जुनी चिठ्ठी मोबाइलवर दाखवली. काउंटरवरच्या भाऊंनी चिठ्ठीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "कोनासाठी पाह्यजे?" मी म्हटलं, माझ्यासाठी. "लग्न झालं का?" मागे तीन जण उभे. बीपी कधी मोजलं, डोकं दुखतं का, दुसरी काही औषधं चालू आहेत का, यातलं एकही विचारलं नाही. लग्नाचा प्रश्न मात्र सगळ्यांदेखत विचारला. गोळी मिळाली, काळ्या पिशवीत, आणि वर पेपरात गुंडाळून.

लग्न झालंय का, या प्रश्नाचा औषधशास्त्राशी काडीचा संबंध नाही. गोळीतल्या इस्ट्रोजेनला मंगळसूत्र ओळखता येत नाही. त्याला रक्ताची गुठळी ओळखता येते.

मग बरोबर प्रश्न कोणते? इथे बाहेरच्या देशांकडे बघायला हरकत नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात २०१६ च्या सुरुवातीपासून आणि कॅलिफोर्नियात त्याच वर्षी, फार्मासिस्टला स्वतः गर्भनिरोधक गोळी लिहून द्यायचा अधिकार मिळाला. इंग्लंडमध्ये २०२३ पासून सरकारी आरोग्यसेवेतर्फे दुकानातला फार्मासिस्ट गोळी चालू ठेवून देतो, आणि त्याच वर्षाच्या शेवटी नव्यानं सुरू करून द्यायलाही लागला. २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेनं ओपिल नावाची, फक्त प्रोजेस्टिनची गोळी थेट चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ च्या मार्गदर्शनात रोजची गोळी चिठ्ठीशिवाय मिळावी अशी शिफारस केली आहे.

पण ओरेगनच्या फार्मासिस्टला नुसता "द्या" असा अधिकार मिळालेला नाही. त्याचं आधी प्रशिक्षण होतं. बाई एक फॉर्म भरते. फार्मासिस्ट तिचं बीपी मोजतो. फॉर्ममध्ये अमुक उत्तर आलं तर गोळी नाही, तमुक आलं तर दुसरी गोळी, आणि ढमुक आलं तर डॉक्टरकडे पाठवा, हे आधीच ठरलेलं असतं. कोणाच्या मर्जीवर नाही, कोणाच्या नजरेवर नाही. यालाच मी व्हॅलिडेशन म्हणते.

त्या फॉर्मच्या मुळाशी जागतिक आरोग्य संघटनेची एक यादी आहे. कोणत्या बाईला कोणती पद्धत चालते, त्याच्या चार श्रेणी. एक म्हणजे खुशाल द्या. दोन म्हणजे फायदा जास्त, द्या. तीन म्हणजे शक्यतो नको. चार म्हणजे अजिबात नको. ही यादी मी तुमच्या काउंटरवर आणून ठेवते, आपल्या जिल्ह्याच्या हिशोबानं. आठ प्रश्न आहेत, इस्ट्रोजेन असलेल्या रोजच्या गोळीसाठी.

पहिला, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का? शेवटची पाळी कधी आली?

दुसरा, बाळंतपण कधी झालं, बाळ अंगावर पितं का? अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा आठवडे ही गोळी अजिबात नाही, सहा महिन्यांपर्यंत शक्यतो नाही. आपल्याकडे गोळीची चौकशी बरेचदा याच दिवसांत होते, म्हणून हा प्रश्न वर.

तिसरा, वय ३५ च्या वर आहे का, आणि बिडी-सिगारेट ओढता का? इथे भाषा सांभाळा. "तंबाखूची सवय आहे का" असं विचारलं, तर विदर्भात निम्मं गाव हो म्हणेल, कारण खर्रा. मूळ यादीतला प्रश्न धुराचा आहे, खर्ऱ्याचा नाही. नुसता खर्रा खाते म्हणून गोळी नाकारू नका, पण तिचं बीपी मोजल्याशिवाय पुढेही जाऊ नका.

चौथा, बीपी. हा विचारायचा नाही, मोजायचा. वरचं १४० किंवा खालचं ९० च्या पुढे असेल तर शक्यतो नको. १६० किंवा १०० च्या पुढे असेल तर अजिबात नको, आणि त्या बाईला आजच दवाखान्यात पाठवा.

पाचवा, अर्धशिशी. नुसतं डोकं दुखणं वेगळं. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं, वाकड्यातिकड्या रेषा दिसतात, हाताला मुंग्या येतात का? हो असेल तर ही गोळी नाही. पक्षाघाताचा धोका असतो.

सहावा, पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का? हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कॅन्सर, लिव्हरचा मोठा आजार?

सातवा, टीबीची किंवा फिटची औषधं चालू आहेत का? टीबीतलं रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं या गोळीचा असर कमी करतात. बाई इमानदारीनं रोज गोळी घेते आणि तरी दिवस राहतात. मग गावात बोललं जातं, सरकारी गोळ्या बोगस असतात.

आठवा खास आपला आहे. सिकलसेल. तुमच्या घरी कोणाला आहे का, तुमची तपासणी झाली आहे का, कार्ड आहे का? वाहक आहे की आजार आहे, हा फरक कार्डावरून करा. जागतिक संघटनेच्या २०१५ च्या यादीत सिकलसेल आजारात ही गोळी दुसऱ्या श्रेणीत होती. अमेरिकेनं २०२४ च्या आपल्या यादीत ती थेट चौथ्या श्रेणीत टाकली. म्हणजे तज्ज्ञांमध्येच मत बदलतंय. मग काउंटरवर काय करायचं? आजार असेल तर स्वतः ठरवायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. पुण्या-मुंबईत बसून कोणी फॉर्म तयार केला, तर हा प्रश्न त्यात शेवटून पहिला असेल. केळापूर-झरीच्या काउंटरवर तो वर पाहिजे.

झाले आठ. वेळ लावून बघा, बीपीसकट पाच-सात मिनिटं.

आता आक्षेप. डॉक्टर म्हणतात, हे आमचं काम आहे. तत्त्वतः मान्य. पण झरी जामणीच्या एखाद्या पोडावरच्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं लागतं. शिवाय सरकारनं हे काम डॉक्टरच्या टेबलावरून कधीच खाली आणलंय. २०११ पासून आशाताई घरपोच गर्भनिरोधकं देते, माला-एनचं एक पाकीट एक रुपयात. आशाताईवर विश्वास ठेवला ते योग्यच केलं. मग दोन किंवा चार वर्षं औषधशास्त्र शिकलेल्या माणसावर का नाही?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. काउंटरवर फार्मासिस्ट असतो तरी का? भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं, समोर उभा दुसराच, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं औषध देणारा नोंदणीकृत पाहिजे. मुलाला दुकानात बसवून आठ प्रश्नांचा कागद हातात दिला, तर तोही "सेल्फ"सारखाच भरला जाईल.

काउंटरवरचा सल्ला बिनतपासणीचा असला की काय होतं, हे यवतमाळला कोणी शिकवायची गरज नाही. २०१७ चा पावसाळा आठवा. कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात विसावर शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो मेडिकल कॉलेजात भरती झाले. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक हे, की कोणतं औषध कशात मिसळायचं हे कृषी केंद्राच्या काउंटरवर ठरत होतं. शेतकऱ्याला माल मिळाला, माहिती मिळाली नाही. गर्भनिरोधक गोळी काही कीटकनाशक नाही, ती बहुतेक बायकांसाठी सुरक्षित आहे. पण धडा तोच. काउंटर बंद केल्यानं प्रश्न सुटत नाही, कारण लोक तिथेच येणार. काउंटरवरचा माणूस जबाबदार करावा लागतो.

तिसरा आक्षेप, मुली बिघडतील. याला शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिलं गेलंय. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी कॉलेजची नोकरी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. तेव्हाही हाच आक्षेप होता. दरम्यान झरी जामणी, मारेगाव, केळापूरच्या कुमारी मातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. त्या मुली गोळी सहज मिळाली म्हणून या परिस्थितीत आल्या नाहीत. कोणी फसवलं, कोणी जबरदस्ती केली, आणि वेळेत मदत करणारं कोणी नव्हतं.

आणखी एक आकडा, मग संपवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांनी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन केलेलं होतं. देशभरात गोळी घेणाऱ्या शंभरात पाच. म्हणजे आपल्या बायकांना दोनच थांबे माहीत आहेत. लग्न, आणि ऑपरेशन. मधल्या वर्षांत, दोन मुलांमध्ये अंतर ठेवायच्या वर्षांत, तिच्या हातात काहीच नाही. त्या मधल्या वर्षांत ती दवाखान्यात क्वचित जाते. मेडिकलमध्ये मात्र जाते. बाळाच्या तापाला, सासूच्या बीपीच्या गोळ्यांना, स्वतःच्या डोकेदुखीला. तिथे तुम्ही असणार आहात.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. चिठ्ठी लिहायचा अधिकार आज तुम्हाला नाही, आणि तो असल्यासारखं वागा असं मी म्हणत नाही. पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे तुमचं काम म्हणून लिहिलेलं आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. काउंटरच्या टोकाला एक पडदा आणि एक खुर्ची ठेवा. बीपीचं मशीन ठेवा. आठ प्रश्नांचा कागद मराठीत ठेवा, जमलं तर गोंडी आणि कोलामीत कोणाकडून तरी करून घ्या. आपत्कालीन गोळी दुसऱ्यांदा घ्यायला आलेल्या बाईला हळूच सांगा, "ताई, हे दरवेळचं नाही. रोजची गोळी उपकेंद्रात फुकट मिळते, आशाताईकडे पण असते." तुमचा शंभर रुपयांचा धंदा बुडेल. गिऱ्हाईक मात्र जन्माचं होईल.

प्रश्न (एक विद्यार्थिनी): मॅडम, नवरा गोळी घ्यायला आला तर आठ प्रश्न कोणाला विचारायचे?

चांगला प्रश्न आहे. आपत्कालीन गोळी असेल तर द्या, कारण तिथे तास मोजायचे असतात. घ्यायची कशी, आणि पाळी आठवडाभर लांबली तर चाचणी करायची, हे सांगा. रोजची गोळी नव्यानं सुरू करायची असेल तर सांगा, "दादा, वैनींना घेऊन या, नाहीतर फोन लावून द्या." बीपी नवऱ्याचं मोजून उपयोग नाही.

प्रश्न (एक विद्यार्थी): आणि सोळा वर्षांची मुलगी आली तर? आम्ही अडकणार नाही का?

याच भीतीनं तिला हाकललं जातं, म्हणून नीट ऐका. अठराच्या खालची मुलगी असेल तर पोक्सो लागू होतो, आणि गुन्हा घडल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक आहे. हे विसरायचं नाही. पण त्याच पोक्सोच्या नियमांत, पीडित मुलीच्या तातडीच्या उपचारांमध्ये गरोदरपणाची शक्यता आणि आपत्कालीन गोळी यावर बोलणं धरलेलं आहे. कायद्याला ती गोळीशिवाय राहावी असं वाटत नाही. तिला बाजूला, पडद्यामागे बसवा. तुम्ही मुलगा असाल तर दुकानातल्या बाईमाणसाला बोलवा. कोणी जबरदस्ती केली का, घरी जायला भीती वाटते का, हे विचारा. १०९८ हा नंबर तिच्यादेखत लावा, सरकारी दवाखान्यात उपचार फुकट आहेत हे सांगा आणि तिथपर्यंत तिची सोय करा. "घरून कोणाला घेऊन ये" असं म्हणून परत पाठवू नका. घरातलंच कोणी कारणीभूत असेल तर? आणि तसं नसलं, तरी ७२ तासांचं घड्याळ चालूच असतं. ती दुसऱ्यांदा येणार नाही.